शेवटची चार पानं

आई गेल्यावर माझ्या घरात बोलणारं कुणी उरलं नाही. कुकर बोलायचा, नळ बोलायचा, आणि सकाळी दूधवाल्याशी मी भांडायची, तेवढंच. नाशिकरोडला दोन खोल्या, कचेरीत टंकलेखकाची नोकरी, लग्न झालेलं नाही, वय चाळिशीला टेकलेलं. भाऊ मनमाडला रेल्वेत. तो भाऊबीजेला यायचा, दुसऱ्या दिवशी जायचा आणि जाताना दर वर्षी तेच म्हणायचा, "ताई, कशात तरी मन गुंतव गं." मन म्हणजे काय लोकर आहे, घेतल्या सुया की गुंतवलं?

पण घर खायला उठायचं, हे खरं. संध्याकाळी सहाला यायची आणि चहा टाकायची. सवयीनं दोन कपांचं आधण पडायचं आणि एक कप मोरीत जायचा. असं वर्षभर झालं. मग एके दिवशी म्हटलं, चला, आपण समाजसेवा करू. हे नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांतलं.

आमच्या नाशकात संस्थांना तोटा नाही. दर गल्लीत एक देऊळ आणि दर दोन देवळांमागे एक संस्था. आधी मी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांना खिचडी वाटणाऱ्या मंडळात गेले. तिथे पातेल्यामागे कोण उभं राहणार यावरून फोटोच्या वेळी दोघी बायका हमरीतुमरीवर आल्या. मी म्हटलं, "अहो, खिचडी गार होतेय, आधी ती वाढा." दुसऱ्या आठवड्यापासून मला निरोप येईना. मग झाडं लावणाऱ्यांकडे गेले. दर वर्षी तोच डोंगर, तेच खड्डे. मी विचारलं, "मागच्या वर्षीची झाडं कुठे गेली?" तिथूनही सुटका झाली. देवळाली कॅम्पच्या बाजूला एका वृद्धाश्रमात आम्ही भजनं म्हणायला जायचो. तिथले एक आजोबा एकदा मला हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही सगळ्या चांगल्या आहात, पण आम्हाला जरा झोपू द्या की." मला त्यांचं पटलं. मी जाणं सोडलं.

माझ्या नाकावर राग असतो, हे मला माहीत आहे. चार माणसांत माझं पटत नाही. म्हणून पेपरात दोन ओळींचं निवेदन वाचलं तेव्हा वाटलं, हे आपल्या जोगतं. अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं कॅसेटवर वाचून देणारे हवेत. घरी बसून वाचायचं. म्हणजे माणसांची कटकट नाही.

संस्था शालिमारजवळ एका शाळेच्या सायकल स्टँडच्या वर, लोखंडी जिना चढून दोन खोल्यांत होती. ती चालवायचे एक निवृत्त गाणं शिकवणारे मास्तर. ते स्वतः जन्मांध. भिंतभर कॅसेटी, आणि प्रत्येकीच्या पाठीवर टोचून काढलेल्या ठिपक्यांची पट्टी. मास्तर त्यावरून बोट फिरवायचे आणि हवी ती कॅसेट बरोबर काढायचे. मी बोलायला लागले तशी त्यांनी मान तिरकी केली आणि मला एक परिच्छेद वाचायला लावला.

"आवाज बरा आहे," ते म्हणाले. "राग आहे आवाजात, पण शब्द स्वच्छ पडतात. आता नियम ऐका. प्रत्येक पानाचा आकडा सांगायचा. बाजू संपली की बाजू संपली म्हणायचं. आणि आपलं नाव सांगायचं नाही."

"ते का?"

"मुलांना पुस्तक हवंय, बाई. वाचणारा नको. नाव कळलं की पत्रं येतात, राखी येते, घरी येणं-जाणं होतं. मग कुणाची बदली होते, कुणाचं लग्न होतं आणि पोर इथे जिन्यावर येऊन रडत बसतं. मी पाहिलंय."

मला बरंच वाटलं. नाव सांगायची मला तरी कुठे हौस होती!

पहिली दोन वर्षं मी काय काय वाचलं. इतिहास, बँकेच्या परीक्षांची पुस्तकं, एकदा तर शेळीपालन. संध्याकाळी खिडक्या लावायच्या, पंखा बंद करायचा, कारण पंख्याची घरघर टेपमध्ये येते, आणि घाम पुसत वाचायचं. आगगाडीची शिट्टी मात्र अडवता यायची नाही. बाजू संपत आली की मी म्हणायची, "बाजू संपली. सावकाश उलटा, मी आहेच." ते शेवटचं मी कधी जोडलं, मलाच आठवत नाही. मास्तर एकदा म्हणालेही, "बाई, हे मागचं शेपूट कशाला?" मी म्हटलं, "राहू द्या हो. कॅसेट उलटताना एकटं वाटतं माणसाला." कुणाला एकटं वाटतं, ते त्यांनी विचारलं नाही.

मग ती आली. आली म्हणजे तिचं पुस्तक आलं. पेठच्या पुढच्या डोंगरातली मुलगी, लहानपणीच्या तापात डोळे गेलेली, गंगापूर रोडकडच्या मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. समाजशास्त्राचं जाडजूड पुस्तक, चौदा प्रकरणं. मास्तरांनी मला बसवून सांगितलं. वसतिगृहात शेवटच्या वर्षापर्यंतच राहता येतं. पास झाली तर टेलिफोन ऑपरेटरच्या प्रशिक्षणाला जागा आहे, त्यातून नोकरी. नापास झाली तर गाशा गुंडाळून गावाला. तिथे भावाचं घर, आणि भाऊ स्वतःच बायकोमुलांना घेऊन सहा महिने द्राक्षबागांत मजुरीला जाणारा. ही मागे झोपडीत बसून राहणार. "म्हणून हे पुस्तक वेळेत संपलं पाहिजे," मास्तर म्हणाले. मी म्हटलं, "संपेल की. त्यात काय!"

कॅसेटी पोचायच्या त्या दर शनिवारी. वसतिगृहाचा रखवालदार कापडी पिशवी घेऊन यायचा, नव्या कॅसेटी न्यायचा, ऐकून, टिपणं काढून झालेल्या आणायचा. जुन्या कॅसेटी पुसून आम्ही पुन्हा वापरायचो. पुसायच्या आधी थोडी ऐकून बघायची, टेप गुंडाळला गेलाय का म्हणून. तशी ऐकताना एकदा माझं वाचन संपलं, खरखर आली आणि एकदम एक मुलीचा आवाज.

"बाई, पान बहात्तर दोनदा आलंय. आन तुमच्या घराजवळनं रेल्वे जाते ना? ती शिट्टी मला लय बेस वाटते. बाकी काय नाय."

मी ते चारदा ऐकलं. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, कुणीतरी माझ्याशी बोललं होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

नियम मोडायचा नाही, असं दोन दिवस ठरवलं. तिसऱ्या दिवशी बाजूच्या शेवटी दोन मिनिटं उरली होती तेव्हा सांगून टाकलं, की ती मनमाडकडे जाणारी संध्याकाळची गाडी, माझा भाऊ तिकडे असतो. झालं! मग दर कॅसेटच्या शेवटी आमचं सुरू झालं. मी सांगायची, आज मेथी आणली, निवडताना निम्मी काड्याच निघाली. शेजारीण कशी कपडे वाळत घालताना मुद्दाम माझ्या दोरीवर येते. ती सांगायची, आमच्याकडं नागलीची भाकर असते, हितं नाय मिळत. वसतिगृहात सकाळी कोणाच्या चपला कोण घालतं. एकदा तिनं त्यांच्याकडे नाचताना म्हणतात ते गाणं मला म्हणून दाखवलं आणि मध्येच हसू आलं म्हणून थांबली. मी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. तिनं माझं पाहणं शक्यच नव्हतं. पण संध्याकाळी मी आता धावत घरी यायची.

आणि इथेच माझी मती फिरली.

जानेवारीत मी पानं मोजली. असंच वाचत राहिले तर पुस्तक फेब्रुवारीत संपणार. परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणजे तिला उजळणीला महिनाभर मिळणार, अगदी उत्तम. आणि मला? मला फेब्रुवारीनंतर काय? दुसरं पुस्तक, दुसरा कुणी पोरगा, आणि कॅसेटच्या शेवटी नुसती खरखर. मी स्वतःशी असं काही ठरवलं नाही. फक्त सावकाश वाचायला लागले. रोजची दहा पानं होती ती सहावर आणली, मग चारवर. मास्तरांना सांगितलं, घसा बसलाय. पोरीनं बरोबर ओळखलं.

"बाई, बरं नाय का तुम्हाला? आधी एका बाजूत बारा पानं व्हायची. आता सातच होतात. हळद घालून दूध घ्या."

ती पानांचे आकडे मोजत होती! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी पुढच्या कॅसेटवर मी आवाज बसवून धडधडीत सांगितलं, हो गं, घसा धरलाय, काळजी करू नकोस. आणि पुन्हा चार पानं वाचली.

एप्रिल उजाडला. तिचा समाजशास्त्राचा पेपर मंगळवारी होता. त्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी शेवटच्या प्रकरणाची चार पानं उरली होती. चार पानं म्हणजे काय हो, चहा उकळेपर्यंतचं काम. ती वाचली असती, सकाळी कॅसेट शालिमारला टाकून कचेरीत गेले असते, तर शनिवारच्या पिशवीतून ती तिच्या हातात पडली असती. पण मी पुस्तक मिटलं. मला समोर रविवार दिसत होता. सबंध रविवार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि करायला काही नाही. म्हटलं, चार पानं रविवारला ठेवू. सोमवारी स्वतः नेऊन देऊ, मंगळवारच्या आत मिळाल्याशी कारण.

रविवारी न्हाऊन, खिडक्या लावून, सणासारखी ती चार पानं वाचली. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी वाचलं नसेल.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मास्तरांकडे गेले. त्यांनी कॅसेट हातात घेतली, पट्टी चाचपली. "पिशवी शनिवारी गेली, बाई," एवढंच म्हणाले. मग कॅसेट मला परत दिली. "जा, तुम्हीच नेऊन द्या. नियम राहू दे बाजूला. तिच्या हातात द्या."

रिक्षा करून गेले. वसतिगृहाच्या फाटकातून समोरच व्हरांडा दिसत होता. पाच-सहा मुली बसल्या होत्या, आणि एकीच्या मांडीवर टेप होता. त्यातून माझा आवाज येत होता. मी मेथीचं सांगत होते. ती कॅसेट तिनं परत पाठवलीच नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी, पुस्तक सोडून, ती माझी मेथी ऐकत होती. किरकोळ अंगाची, तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या. फाटक कुरकुरलं तशी तिनं टेप बंद केला आणि तोंड माझ्याकडे वळवलं. "कोण हाय?"

माझ्या जिभेवर शब्द आला होता. एक शब्द बोलले असते तर तिनं ओळखलं असतं. आणि ओळखलं असतं तर त्या आवाजात बसलेला घसा नाही, हेही तिला कळलं असतं. लबाडी कळली असती. मी एवढी तोंडाळ बाई, जगाला फाडफाड बोलणारी, तिथे दातखीळ बसल्यासारखी उभी राहिले. रखवालदार आला. त्याला कॅसेट दिली, तिच्याकडे बोट दाखवलं, आणि तो "कोणी दिली म्हणून सांगू?" असं विचारेपर्यंत पाठ फिरवून रिक्षात बसले. वाटेत स्वतःला समजावलं, दिली ना, झालं तर मग. संध्याकाळभर ऐकेल.

रखवालदार साधा माणूस. त्याच्या लेखी कॅसेटी शनिवारच्या. माझी कॅसेट त्यानं इमानेइतबारे शनिवारच्या पिशवीत टाकली.

हे मला कळलं ते मे महिन्यात, जेव्हा तिच्याकडे उरलेल्या सगळ्या कॅसेटी परत आल्या. शेवटच्या कॅसेटच्या अखेरीला खरखर, आणि मग ती.

"बाई, शेवटची कॅसेट शनिवारी पिशवीतनं मिळाली. पेपर झाला होता. मोठा प्रश्न त्यातलाच आला, तो सोडला. आता ऐकली. शेवटची पानं तुम्ही लय चांगली वाचलीत, घसा बरा झालेला वाटतो. सोमवारी फाटकात कोणी आलं होतं, बोललं नाय. मला वाटलं, तुम्ही असाल. मी आता गावाला चालले. तिथं टेप नाय."

जूनमध्ये निकाल लागला. थोडक्यात नापास झाली. मास्तरांना मी सगळं सांगितलं, रविवारचं सुद्धा. वाटलं होतं, ओरडतील, हाकलून देतील, निदान मला भांडता तरी येईल. ते कॅसेटीवरून बोट फिरवत राहिले. "पुस्तक संपवता आलं पाहिजे, बाई," ते म्हणाले. "वाचायला काय, सगळ्यांनाच येतं." मी तिचा पत्ता मागितला नाही. त्यांनी तो दिला नाही.

त्यानंतर मी तेरा वर्षं वाचलं. घड्याळ लावून वाचलं. बाजू संपली की "बाजू संपली" म्हटलं आणि टेप बंद केला. मागचं शेपूट तोडून टाकलं. एकही पुस्तक उशिरा गेलं नाही, आणि एकाही कॅसेटच्या शेवटी माझ्याशी कुणी बोललं नाही. पुढे पुढे कॅसेटी मिळेनाशा झाल्या, मुलं संगणकावर ऐकायला लागली. मास्तर गेले. मी निवृत्त झाले. चहाचं आधण तेवढं आता बरोबर एका कपाचं पडतं.

निवृत्तीनंतरची गोष्ट. माझ्या कागदांवर जन्मतारीख चुकीची चढली होती, म्हणून एका सरकारी कार्यालयात फोन लावला. ऑपरेटर बाई होत्या. "नमस्कार, कोणता विभाग हवा?" स्वच्छ, सरावलेला आवाज. मी नेहमीप्रमाणे चिडूनच सुरुवात केली, की तीन वेळा फोन केला, कुणी धड बोलत नाही, तारखा लिहिताना तुमच्या लोकांचं लक्ष असतं कुठे वगैरे.  

मग तो आवाज बदलला. खाली आला.

"बाई, तुम्ही समाजशास्त्र वाचायच्यात का?"

 म्हणजे ती झोपडीत बसून राहिली नव्हती. ती पुन्हा परीक्षेला बसली होती. कुणीतरी तिला ते शेवटचं प्रकरण वेळेवर वाचून दाखवलं होतं, आणि ती मी नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी आली ती शरम, आणि तिच्या मागोमाग, देवा शप्पथ सांगते, त्या वाचणाऱ्या बाईचा हेवा.

"नाही हो," मी म्हटलं. "कोण समाजशास्त्र? मला आस्थापना विभाग द्या."

 तिच्यामागे कुणाची तरी फाइल आपटल्याचा आवाज आला.

"बरं, बाई," ती म्हणाली. "लाइन लावते. सावकाश बोला, मी हायच."

खट् झालं. घंटी वाजली. एका माणसानं फोन उचलला आणि कंटाळलेल्या आवाजात विचारलं, "हां, बोला. नाव काय आपलं?" मी रिसिव्हर कानाला धरून उभी होते. तो पुन्हा म्हणाला, "अहो, नाव सांगा की, नाव." आणि माझ्या तोंडून ते काही केल्या निघेना.